पापणीच्या काठाची निगा

पापणीची त्वचा ही माणसाच्या शरीरातली सर्वांत पातळ त्वचा आहे. तिची जाडी एक मिलिमीटरही भरत नाही. त्वचेखाली डोळा मिटणारा स्नायू असतो, त्याच्या मागे पापणीला आकार देणारा चिवट पट्टा आणि सर्वांत आत नेत्रश्लेष्मला हा ओलसर पडदा. हे सगळे थर जिथे एकत्र येऊन संपतात तो पापणीचा काठ. जेमतेम दोन मिलिमीटर रुंदीच्या या काठावर पुढच्या बाजूला केसांची रांग असते आणि मागच्या बाजूला, डोळ्याला टेकणाऱ्या कडेजवळ, तेलग्रंथींची बारीक तोंडे असतात. डोळे चुरचुरणे, सकाळी पापण्या चिकटणे, पुन्हापुन्हा रांजणवाडी होणे, वाचताना मध्येच धूसर दिसणे अशा कितीतरी तक्रारींचे मूळ या चिंचोळ्या पट्टीत सापडते. तोंड धुताना मात्र नेमका हाच भाग सुटतो. डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून हात वरवर फिरतो आणि केसांच्या मुळाशी जे साचले आहे ते तसेच राहते.

वरच्या पापणीला साधारण ९० ते १५० केस असतात, खालच्या पापणीला ७० ते ८०. प्रत्येक केस काही महिने टिकतो, गळतो आणि त्या जागी नवा येतो. म्हणून चेहरा पुसताना रुमालावर एखादा केस दिसला तर काळजीचे काही नसते. हे केस धूळ अडवतात आणि काही जवळ येताच पापणी आपोआप मिटावी अशी सूचना देतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २२ सस्तन प्राण्यांच्या पापण्यांचे केस मोजले, तेव्हा केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या सुमारे एक-तृतीयांश असल्याचे आढळले. वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग केल्यावर कळले, की एवढ्या लांबीच्या केसांमुळे डोळ्यावर आदळणारी हवा मंदावते आणि ओलावा उडून जाण्याचे व धूळ बसण्याचे प्रमाण जवळजवळ निम्मे होते. केस याहून फार लांब झाले तर उलट हवा डोळ्याकडे वळू लागते. लांबलचक खोट्या पापण्या लावणाऱ्यांनी हे लक्षात घेण्याजोगे आहे.

केसांच्या मागची तेलग्रंथींची रांग सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, पण डोळ्याच्या आरामाच्या दृष्टीने ती केसांहून महत्त्वाची आहे. जर्मन वैद्य हाइनरिख माइबोम यांनी १६६६ साली या ग्रंथींचे सविस्तर वर्णन केले आणि त्यांच्यावरूनच त्या माइबोमियन ग्रंथी म्हणून ओळखल्या जातात. वरच्या पापणीत त्या २५ ते ४० असतात, खालच्या पापणीत २० ते ३०. निरोगी माणसात त्यांच्यातून स्वच्छ, पातळ तेल झिरपते. डोळ्यावर अश्रूंचा जो पातळ थर पसरलेला असतो त्यात सर्वांत आत श्लेष्मा, मध्ये पाणी आणि सर्वांत वर या तेलाचा तलम पापुद्रा असतो. हा पापुद्रा पाण्याला उडून जाऊ देत नाही. पापणी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा लवते. प्रत्येक वेळी ग्रंथींवर हलका दाब पडून थोडे तेल बाहेर येते आणि ताजा थर डोळ्यावर पसरतो. मोबाइल किंवा संगणकाच्या पडद्याकडे टक लावून पाहताना हा वेग निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येतो. शिवाय तेव्हा पापणी पुरती मिटतही नाही. तेल ग्रंथीतच राहते आणि हळूहळू घट्ट होते.

काठाच्या दाहाला डॉक्टर ब्लेफरायटिस म्हणतात. हा अत्यंत सर्वसामान्य विकार आहे, त्याने नजर सहसा जात नाही, पण तो चिवट असतो. दाह केसांच्या बाजूचा असेल तर दोन कारणे प्रामुख्याने दिसतात. पहिले कारण जंतू. स्टॅफिलोकॉकस जातीचे जीवाणू सगळ्यांच्याच त्वचेवर असतात, पण काठावर त्यांची संख्या वाढली की त्यांच्या विषारी द्रव्यांनी काठ लाल होतो, केसांच्या बुडाशी कडक खपल्या धरतात आणि त्या ओढून काढल्या तर खाली बारीक जखम दिसते. दुसरे कारण डोक्यातल्या कोंड्याचे भावंड आहे: त्वचेतल्या तेलाचे प्रमाण वाढते आणि केसांवर तेलकट, पिवळसर कोंडा दिसू लागतो. अशा माणसाच्या भुवयांत आणि नाकाच्या कडेलाही बहुधा असाच कोंडा असतो. डोक्यातल्या कोंड्यावर उपाय न करता नुसत्या पापण्या पुसत राहिले तर तो पुन्हा येतो.

तिसरे एक कारण भिंगाखाली पाहिल्यावरच ओळखू येते. डेमोडेक्स हा जेमतेम पाव ते तृतीयांश मिलिमीटर लांबीचा परोपजीवी कोळीवर्गीय जीव केसांच्या मुळात राहतो. १८४०च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत त्याचा शोध लागला. तो दिवसा मुळात दडून असतो, रात्री बाहेर पडतो आणि दोन-तीन आठवडे जगतो. वय वाढते तसे त्याचे प्रमाण वाढते. पुष्कळ वृद्धांच्या पापण्यांत तो काही त्रास न देता नांदत असतो, त्यामुळे नुसते नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही. संख्या फार वाढली तर मात्र काठाला खाज सुटते. डॉक्टर रुग्णाला खाली बघायला सांगून प्रखर प्रकाशात वरच्या पापणीचे केस तपासतात, तेव्हा केसाच्या अगदी बुडाशी, त्वचेला लागून, मेणचट अर्धपारदर्शक वेष्टण दिसते. इतर कोंडा केसावर कुठेही अडकलेला असतो. हे वेष्टण मुळालाच गुंडाळलेले असते. ते दिसले की निदान जवळजवळ पक्के होते. त्यावर टी ट्री तेलाचा सौम्य अंश असलेल्या पुसण्या वापरतात. अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये लोटिलॅनर या औषधाच्या थेंबांना खास या विकारासाठी मान्यता मिळाली. बाजारात मिळणारे निव्वळ टी ट्री तेल मात्र पापणीला कधीही लावू नये. ते त्वचेची आग करते आणि डोळ्यात गेले तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे पारपटलाला, इजा करते.

दाह ग्रंथींच्या बाजूचा असेल तर खपल्या फारशा दिसत नाहीत. काठ जाडसर व लालसर होतो, ग्रंथींची तोंडे बुजतात आणि पापणी दाबल्यावर पातळ तेलाऐवजी टूथपेस्टसारखा पांढरा घट्ट ऐवज बाहेर येतो. वरचा पापुद्रा नसल्याने अश्रूंचे पाणी उडून जाते, डोळा कोरडा पडतो आणि कोरडेपणाने चिडून पुन्हा पाणी गाळू लागतो. डोळ्यांतून सारखे पाणी येणाऱ्या माणसाला ‘तुमचे डोळे कोरडे आहेत’ असे सांगितले तर त्याला पटत नाही, पण बऱ्याचदा तसेच असते. काठाच्या दाहाचा त्रास बहुधा सकाळी उठल्यावर जास्त असतो, कारण रात्रभर मिटलेल्या पापण्यांआड सगळे साचून राहते. अशा वेळी नुसते थेंब घालून तात्पुरता थंडावा मिळतो. दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे थेंब तर फार घातक: लाली झपाट्याने जाते, म्हणून माणूस ते महिनोन्‌महिने घालत राहतो आणि काचबिंदू व मोतीबिंदूला आमंत्रण देतो.

रांजणवाडी हा या काठाचाच विकार. केसाच्या मुळाशी असलेल्या छोट्या ग्रंथीत किंवा आतल्या तेलग्रंथीत जंतूंमुळे पू होतो, जागा लाल होते, ठणकते. तेलग्रंथीचे तोंड बुजून आत तेल साठत गेले तर मात्र न दुखणारी, वाटाण्याएवढी कठीण गाठ होते आणि ती आठवडेच्या आठवडे राहते. घरोघरी रांजणवाडीवर तळहातावर बोट घासून ते ऊन असतानाच टेकवतात, सोन्याची अंगठी घासून लावतात, लवंग उगाळून लेप देतात. यातला उबेचा भाग खरा उपयोगी आहे. बोटाची किंवा अंगठीची ऊब क्षणभरच टिकते, तीही न धुतलेल्या हाताने दिलेली असते, आणि लवंगेने पापणीची नाजूक त्वचा भाजते. त्यापेक्षा स्वच्छ कपड्याचा शेक दिवसातून तीन-चार वेळा दिला तर बहुतेक रांजणवाड्या आठवडा-दीड आठवड्यात आपोआप फुटून किंवा जिरून जातात. ती पिळून काढणे सर्वथा वर्ज्य. पू आतल्या बाजूला पसरून सगळी पापणी सुजू शकते. वारंवार रांजणवाडी होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. मधुमेह असल्याचे पहिल्यांदा असे कळलेली माणसे कमी नाहीत.

काठ स्वच्छ करण्याची रीत सोपी आहे, पण तिच्यात क्रम महत्त्वाचा आहे: आधी शेक, मग मालिश, मग पुसणे. गोठलेले तेल आणि वाळलेली खपली उबेने मऊ होते. ती मऊ न करता पुसले तर त्वचा खरचटते आणि केस उपटले जातात. हात साबणाने धुवावेत. उकळून कोमट केलेल्या पाण्यात मऊ सुती कपडा बुडवावा, पिळावा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून चटका बसत नाही ना हे पाहावे आणि मिटलेल्या पापण्यांवर ठेवावा. तापमान चाळीस अंश सेल्सियसच्या आसपास पुरते. शेक पाच ते दहा मिनिटे हवा आणि इथेच बहुतेकांचे चुकते: ओला कपडा मिनिट-दोन मिनिटांत निवतो, तो तसाच ठेवून दिला तर उरलेला वेळ वाया जातो. तो पुन्हा पुन्हा ऊन पाण्यात बुडवावा लागतो. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेला कपडा मध्येच अतिशय गरम असू शकतो, म्हणून तो टाळलेला बरा.

शेक झाल्या झाल्या, तेल पातळ आहे तोवर, बोटाच्या टोकाने हलके मालिश करावे. वरच्या पापणीवर बोट वरून खाली, काठाकडे न्यावे. खालच्या पापणीवर खालून वर. दाब हलकाच असावा, बुबुळावर जोर देऊ नये. त्यानंतर स्वच्छता. औषधांच्या दुकानात पापण्यांसाठी तयार पुसण्या आणि फेस मिळतात, ते उत्तम. ते परवडत नसतील तर अर्धा पेला कोमट पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे दोन-तीन थेंब टाकून, कापसाची काडी त्यात बुडवून वापरता येते. अनेक वर्षे डॉक्टर हेच सुचवत आले आहेत. अलीकडे मात्र शाम्पूने अश्रूंच्या थराला थोडी बाधा येते असे दिसल्याने अनेकजण खास पुसण्यांना पसंती देतात. काहीही वापरले तरी डोळा मिटलेला हवा आणि काडी केसांच्या मुळांवरून आडवी फिरायला हवी. केसांच्या टोकांना कितीही पुसले तरी उपयोग नाही. मळ मुळाशी असतो. खालच्या पापणीसाठी वर बघून ती किंचित खाली ओढावी. एका डोळ्याला वापरलेली काडी दुसऱ्याला लावू नये. शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन कोरड्या कपड्याने टिपावे, चोळू नये. डॉक्टरांनी मलम किंवा थेंब दिले असतील तर ते यानंतर.

दाह असताना हे दिवसातून दोनदा, किमान चार ते सहा आठवडे करावे लागते. आठ दिवसांत बरे वाटले म्हणून बहुतेकजण सोडून देतात आणि महिन्याभरात पुन्हा दवाखान्यात येतात. दाह ओसरल्यावर दिवसातून एकदा पुरते. ज्यांना काहीच त्रास नाही त्यांनी एवढा खटाटोप करण्याची गरज नाही; चेहरा धुताना डोळे मिटून, ओल्या बोटाने काठावरून दोनदा हात फिरवला तरी झाले. उघड्या डोळ्यांवर नळाच्या पाण्याचे सपकारे मारणे, गुलाबपाणी किंवा मध घालणे यांतून स्वच्छता होत नाही. अश्रूंचा तयार थर मात्र वाहून जातो आणि निर्जंतुक नसलेला पदार्थ डोळ्यात जातो.

शृंगाराच्या वस्तूंचा प्रश्न वेगळा लिहायला हवा. काजळ काठाच्या आतल्या कडेवर, नेमके तेलग्रंथींच्या तोंडांवर ओढले जाते. रोज घालून रोज न पुसलेले काजळ तिथे साचते. ज्यांना आवड आहे त्यांनी केसांच्या बाहेरच्या बाजूने घालावे आणि झोपण्याआधी पूर्ण पुसून टाकावे. सुरम्याची बाब गंभीर आहे: तो परंपरेने गॅलिना या खनिजापासून, म्हणजे शिशाच्या सल्फाइडपासून, बनतो आणि ते शिसे मुलांच्या हातातून तोंडात जाऊन रक्तात पोहोचू शकते. मस्काऱ्याची कांडी प्रत्येक वापरानंतर केसांवरचे जंतू घेऊन बाटलीत परत जाते, म्हणून तीन महिन्यांनी ती टाकून द्यावी आणि ती दुसऱ्याशी कधीही वाटून वापरू नये. कृत्रिम केस चिकटवण्याच्या गोंदात सायनोअ‍ॅक्रिलेट असते. त्याची अ‍ॅलर्जी येते, शिवाय केस सुटतील या भीतीने ते लावणाऱ्या स्त्रिया काठ धूतच नाहीत. या बाबतीत निष्काळजीपणा किती महाग पडू शकतो ते अमेरिकेत १९३३ साली दिसले. ‘लॅश ल्युअर’ नावाच्या पापण्यांच्या केसांच्या रंगामुळे अनेक स्त्रियांचे डोळे जायबंदी झाले, काहींची दृष्टी गेली, एकीचा मृत्यू झाला, आणि तेव्हा सौंदर्यप्रसाधनांवर कोणताही केंद्रीय कायदा तिथे नव्हता. १९३८च्या नव्या कायद्याने ती उणीव भरून काढली.

तान्ह्या बाळाच्या डोळ्यात काजळ घालण्याची चाल आपल्याकडे अजून आहे. डोळे मोठे होतात, नजर तेज होते, दृष्ट लागत नाही अशी समजूत असते. काजळ घरी तुपाच्या किंवा एरंडेलाच्या दिव्यावर धरलेले असले तरी ती अखेर काजळीच असते आणि ती घालणारे बोट जंतू नेते. दृष्टीसाठी टीट लावायची तर ती गालावर किंवा तळपायाला लावावी, डोळ्याला नको. बाळाच्या डोळ्यातून सतत पाणी येत असेल, पापण्या चिकटत असतील, तर बहुधा डोळ्यातून नाकात जाणारी अश्रूनलिका उघडलेली नसते. उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने नाकाकडून कानाकडे, दर वेळी नवा बोळा घेऊन पुसावे, आणि नाकाच्या मुळाशी मालिश कसे करायचे हे डॉक्टरांकडून शिकून घ्यावे. बहुसंख्य बाळांची नलिका वर्षाच्या आत उघडते. मात्र जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत पापण्या सुजून भरपूर पू येत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे. त्यात पारपटलाला भोक पडण्याइतका वेगवान संसर्ग असू शकतो.

पापण्यांच्या स्वच्छतेचा सर्वांत मोठा पुरावा खुपऱ्यांच्या इतिहासात आहे. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस या जीवाणूचा हा संसर्ग हात, रुमाल आणि मुलांच्या चिपडांवर बसणाऱ्या माश्या यांतून पसरतो. वर्षानुवर्षे तो पुन्हापुन्हा झाला की पापणीच्या आत वण पडून काठ आत वळतो आणि केस दर लवणीला पारपटलावर घासत राहतात. अंधत्व त्यातून येते. भारतात १९६३ साली याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९७१ साली देशातल्या अंधत्वापैकी ५ टक्के अंधत्व याच रोगामुळे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या धोरणात शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविके यांच्या बरोबरीने चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसर सुधारणा यांनाही स्थान आहे. मुलांची तोंडे धुतली जाणे, पाणी आणि शौचालये मिळणे यांनी जे साधले ते एकट्या औषधाने साधले नसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताने सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या रोगाचे उच्चाटन केल्याचे संघटनेने मान्य केले.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीही डॉक्टर पापण्या बारकाईने पाहतात. शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत होणाऱ्या संसर्गाचे जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्याच पापण्यांवरून आलेले असतात. म्हणून टेबलावर पापण्या आणि डोळा पोव्हिडोन आयोडीनने धुतात, आणि काठाला दाह असेल तर तो बरा होईपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. तारीख लांबली म्हणून रुग्णांनी नाराज होऊ नये. तो निर्णय त्यांच्या हिताचा असतो.

घरच्या स्वच्छतेवर विसंबून थांबू नये अशी काही लक्षणे आहेत. नजर कमी होणे, उजेड सहन न होणे, डोळा हलवताना दुखणे, तापासह सगळी पापणी सुजणे यांत दिवस घालवू नयेत. एकाच पापणीचे केस गळू लागले, किंवा पन्नाशी-साठीनंतर त्याच जागी पुन्हापुन्हा गाठ येऊ लागली, तर विशेष सावध राहावे. तेलग्रंथींचा कर्करोग अगदी साध्या गाठीसारखा दिसतो आणि भारतात पापणीच्या कर्करोगांमध्ये त्याचा वाटा पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच मोठा आहे. अशा वयात गाठ काढली तर ती तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवली आहे ना, हे रुग्णाच्या घरच्यांनी डॉक्टरांना निःसंकोच विचारावे आणि अहवाल हातात घेतल्याशिवाय उपचार संपले असे समजू नये.